हत्ती कुठं ठेवायचा?

२०१४च्या हिवाळ्यात इंग्लंडमधल्या बाथ गावात माणसं दोन पंथांत विभागली गेली होती. सहावाले आणि बारावाले. पोस्टाच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, आमच्या ऑफिसच्या किटलीपाशी प्रश्न एकच, त्याला सहा नंबरला खेळवायचं की बाराला? ‘त्याला’ म्हणजे कुणाला, हे विचारायची सोय नव्हती. एकदा मी विचारलं, तेव्हा समोरच्याने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पुण्यात उभा राहून ‘शनिवारवाडा म्हणजे काय हो?’ असं विचारलं होतं.

नोकरीसाठी मी तिथं राहत होतो आणि रग्बीबद्दलचं माझं ज्ञान चेंडू लांबट असतो इथे सुरू होऊन तिथेच संपत होतं. पण वादात बाजू घ्यायला विषय कळावा लागतो, अशी अट आपल्याकडे कधीच नव्हती. आमचे साहेब बारावाले होते. अप्रेझल तोंडावर आलं होतं. मी बारावाला झालो.

तो म्हणजे सॅम बर्जेस. उंची सहा फूट पाच इंच, वजन एकशेपंधरा किलोच्या आसपास, गाव यॉर्कशरमधलं ड्यूजबरी. चार भाऊ, चौघंही असेच, आणि २०१३मध्ये ऑस्ट्रेलियातल्या साउथ सिडनीच्या संघातून चौघं एकाच सामन्यात खेळलेले. त्या माउलीच्या घरात रोज किती कणीक मळली जात असेल, या विचारानेच माझी बायको दमली. या साउथ सिडनीला १९७१पासून अजिंक्यपद मिळालं नव्हतं. ५ ऑक्टोबर २०१४ला अंतिम सामना झाला. सुरुवातीलाच समोरच्याच्या डोक्यावर आपटून बर्जेसच्या गालाचं हाड मोडलं. डोळा सुजून बंद होत चाललेला, आणि हा गडी तशाच तोंडाने पूर्ण ८० मिनिटं खेळला. संघ ३०-६ने जिंकला, सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून पदकही यालाच मिळालं. मला दाढ दुखली तरी मी ऑफिसला दांडी मारतो. त्यामुळे हा माणूस आमच्या गावात राहायला येणार म्हटल्यावर मला पहिली भावना झाली ती शरमेची.

आता एवढा माणूस मिळाल्यावर गावाने गप गुमान आनंद मानावा की नाही? नाही. कारण तो ज्या खेळातून आला तो रग्बी लीग, आणि बाथ खेळतं ती रग्बी युनियन. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. जवळून पाहिलं तर ती भाऊबंदकी आहे, आणि आपल्याकडच्या कुठल्याही भाऊबंदकीइतकीच जुनी आहे. ऑगस्ट १८९५मध्ये हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडचे क्लब जमले आणि वेगळे निघाले. त्यांचे खेळाडू गिरणीत आणि खाणीत राबणारे. शनिवारी खेळायचं तर मजुरी बुडायची. ती भरून द्या, एवढंच मागणं होतं. दक्षिणेतल्या साहेबलोकांचं म्हणणं असं, की खेळाला पैसे कसले घ्यायचे? ज्याच्या खिशात ते आधीपासून असतात त्याला हे तत्त्व फार सोपं जातं. पुढे शंभर वर्षं युनियनने स्वतःला हौशी म्हणवलं आणि लीगमध्ये गेलेल्याला दार बंद केलं. १९९५मध्ये युनियनमध्येही उघड पैसा आला आणि दार उघडलं. मग दक्षिणेतली मंडळी त्याच उत्तरेत पाकीट घेऊन माणसं शोधत फिरू लागली.

लीगमध्ये तेरा माणसं, युनियनमध्ये पंधरा. खरी गोम त्या दोन माणसांत आहे. त्यांची नावं फ्लँकर. शेजारच्या आजोबांनी हे मला बागेच्या कुंपणावर कुंड्या मांडून समजावलं. आजोबा निवृत्त मास्तर, तरुणपणी हूकर म्हणून खेळलेले, म्हणजे स्क्रममध्ये, दोन्हीकडचे फॉरवर्ड डोकी घालून एकमेकांना रेटतात त्यात, पहिल्या रांगेत मधोमध. त्या जागेचा पुरावा त्यांच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना होता. कानांचा आकार कानासारखा उरलेला नव्हता. पंधरा कुंड्या मांडून झाल्यावर ते म्हणाले, “पहिल्या आठ कुंड्या म्हणजे फॉरवर्ड. ओझी वाहणारे. नऊ ते पंधरा म्हणजे बॅक. पळणारे, पास देणारे, केस नीट ठेवणारे.” स्वतः ते पहिल्या आठातले होते, हे सांगायची गरज नव्हती.

सहावी कुंडी त्यांनी हातात घेतली. ब्लाइंडसाइड फ्लँकर. स्क्रमच्या कडेला, मैदान जिकडे कमी उरलंय त्या बाजूला हा चिकटलेला. सुटला की समोरच्या धावत्या माणसाला कमरेखाली धरून पाडायचं, उठायचं, पुढच्याला पाडायचं, मग पडलेल्या चेंडूवर माणसांचा ढीग झाला की त्यात घुसायचं. दिवसभर राबायचं आणि संध्याकाळच्या फोटोत नसायचं. बारावी कुंडी म्हणजे इनसाइड सेंटर. त्यात जिरेनियम होतं. त्याला चेंडू मिळतो तेव्हा समोरून शंभर किलोची माणसं पूर्ण वेगात येत असतात. अंगावर घ्यायचं, की बाहेर पास द्यायचा, की पायाने मागे मारायचा, हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ठरवायचं. बचाव करताना तर अजून कठीण. आपल्या रांगेतून आपण पुढे सरकलो आणि शेजारचा मागे राहिला, तर मधल्या फटीतून सगळी पंगत जेवून जाते.

“मग बर्जेस कुठल्या कुंडीत?” मी विचारलं.

“त्याची कुंडीच नाही इथे,” आजोबा म्हणाले. “हाच तर प्रश्न आहे.”

लीगमध्ये बर्जेस खेळायचा तेरा नंबरला. तिकडचा तेरा हा भलताच माणूस. तो फॉरवर्डसारखा अंगावर जातो, बॅकसारखा पास देतो आणि सापडेल त्याला पाडतो. युनियनने हे काम एकाला न देता तिघांत वाटलंय. थोडं सहाला, थोडं आठला, थोडं बाराला. शिवाय लीगमध्ये माणूस पडला की घटकाभर थांबा असतो. पडलेल्याने उठायचं, टाचेने चेंडू मागे सरकवायचा, पुढची चाल सुरू. सहा वेळा पडलात की चेंडू समोरच्याला. युनियनमध्ये माणूस पडल्यावर खेळ खरा सुरू होतो. त्या ढिगाऱ्यात कोणी कुठून यायचं, हात कधी घालायचा, कधी काढायचा, याचे नियम असे आहेत की ते मोडल्यावरच कळतात, आणि मोडलात की नाही हे फक्त पंचाला कळतं.

आमच्या गावचं मैदान अगदी नदीकाठी आहे. द रेक म्हणतात त्याला. कुणी जोरात मारला तर चेंडू एव्हन नदीत जातो. मॅच पाहायला मी गेलो तो नदीत गेलेला चेंडू परत कसा आणतात या उत्सुकतेने. पण नजर त्याच्यावरून हलेना. चेंडू घेऊन तो निघाला की समोरचे तिघं त्याला बिलगायचे आणि तो त्यांना घेऊन चार पावलं जायचा. पाचव्या पावलाला सगळा गठ्ठा खाली. इथवर सगळं ठीक. मग ढिगारा. तो त्यातून उठायचा, अंगावरची माती झटकायचा आणि क्षणभर नुसता उभा राहून इकडेतिकडे बघायचा. बाकीचे एकोणतीस जण, आपल्याला कुठं पोचायचंय हे ठाऊक असल्यासारखे, पळत सुटलेले असायचे. त्या एका क्षणात तो फार सभ्य दिसायचा. नव्या ऑफिसात पहिल्या दिवशी चहाचा कप कुठं ठेवायचा हे न कळलेल्या माणसासारखा. आणि मग अचानक कुणीतरी अंगावर यायचं, बर्जेसचा चेहरा उजळायचा आणि तो त्याला उचलून आदळायचा. हे काम त्याला येत होतं.

बाथचे प्रशिक्षक माइक फोर्ड. ते स्वतः मूळचे लीगचे. त्यांनी नोव्हेंबरअखेर त्याला मैदानात आणलं ते सेंटर म्हणून, आणि २०१५ उजाडल्यावर हलवलं सहाला. यात तत्त्वज्ञान काही नव्हतं. बाथकडे बारा नंबरला काइल ईस्टमंड होता. तोही लीगमधून आलेला, पण बुटका, चपळ, चेंडूला हातात नाचवणारा. त्याच्या शेजारी तेराला जोनाथन जोसेफ, तो तर इंग्लंडचा. ती जोडी जमलेली होती. फॉरवर्डमध्ये मात्र माणूस हवा होता. म्हणून बर्जेसची सर्वोत्तम जागा सहा.

इंग्लंडचे प्रशिक्षक स्टुअर्ट लँकेस्टर. यांच्याकडे फॉरवर्ड मुबलक, सहाला तर संघाचा कप्तान ख्रिस रॉबशॉ कधीही बसू शकत होता. पण बारा नंबरला ताकदीचा गडी नव्हता. मनू तुइलागी नावाचा एक रणगाडा होता, तो संघाबाहेर. आणि विश्वचषकात गाठ पडणार होती वेल्सशी. वेल्सचा बारा नंबर म्हणजे जेमी रॉबर्ट्स, एकशेदहा किलो, आणि शिकलेला डॉक्टर. हाडं मोडायची आणि जोडायची दोन्ही सोय एकाच खिडकीवर. त्याच्यासमोर उभं करायला कुणीतरी हवं होतं. म्हणून बर्जेसची सर्वोत्तम जागा बारा.

मला तेव्हा उमगलं, की ‘याची उत्तम जागा कुठली?’ असं जो विचारतो, तो खरं म्हणजे ‘माझ्याकडे रिकामी जागा कुठली?’ एवढंच विचारत असतो.

आणि बारावाल्यांच्या पाठीशी एक मोठा युक्तिवाद होता. त्याचं नाव जोना लोमू. न्यूझीलंडचा हा पोरगा शाळेत फॉरवर्ड. उंची बर्जेसइतकीच, वजन तेवढंच, आणि शंभर मीटर अकरा सेकंदांच्या आत. ऑल ब्लॅक्सचे, म्हणजे न्यूझीलंडच्या संघाचे, प्रशिक्षक लॉरी मेन्स यांनी ठरवलं, की याला ओझी वाहायला ठेवणं हा गुन्हा आहे, याला विंगवर टाका, कडेला, जिथे मोकळं मैदान मिळतं. १९९४मध्ये फ्रान्सविरुद्ध पहिला सामना खेळला तेव्हा तो १९ वर्षं ४५ दिवसांचा होता. फ्रान्सने दोन्ही कसोट्या जिंकल्या. विंगरने कुठं उभं राहायचं हे त्याला अजून उमजलेलं नव्हतं, आणि त्याला संघातून वगळलं गेलं. पुढच्या वर्षी केपटाउनला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात इंग्लंडसमोर तो परत उभा राहिला तेव्हा चार ट्राय करूनच, म्हणजे चार वेळा चेंडू इंग्लंडच्या गोलरेषेपलीकडे टेकवूनच, थांबला. त्यातल्या पहिल्या ट्रायच्या वाटेवर इंग्लंडचा फुलबॅक माइक कॅट आडवा आला. ‘आडवा आला’ हे आपण उगाच म्हणतो. कॅट उभा होता. लोमू गेल्यावर आडवा होता.

हे मी एवढं रंगवून सांगतोय कारण २०१५मध्ये इंग्लंडच्या आक्रमणाचा प्रशिक्षक कोण होता? हाच माइक कॅट. बाथचाच जुना खेळाडू. छातीवरून एकदा असा माणूस चालून गेल्यावर, पुढच्या वेळी असा एखादा आपल्या बाजूने असावा, ही इच्छा मला तरी मानवी वाटते.

बचावाचे प्रशिक्षक अँडी फॅरेल. हे तर अजूनच. विगनचे कप्तान, लीगमधले दिग्गज, २००५मध्ये युनियनमधल्या सॅरसेन्स क्लबकडे आले आणि तिथेही वाद तोच, हा फ्लँकर की सेंटर? शेवटी इंग्लंडने त्यांना बाराला खेळवलं. २००७च्या विश्वचषकात इंग्लंडच्या संघात फॅरेल आणि कॅट दोघेही, आणि दोघेही बाराचे. म्हणजे ज्यांनी त्या जागेसाठी एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहिलं असेल, ते दोघं आठ वर्षांनी तिसऱ्याला तिथं बसवायला एकत्र. त्यात फॅरेलचा मुलगा ओवेन आणि फोर्डचा मुलगा जॉर्ज हे दोघं इंग्लंडच्या दहा नंबरच्या जागेसाठी एकमेकांसमोर. हे सगळं आजोबांकडून ऐकताना मला सारखं वाटत होतं की मी सहकारी साखर कारखान्याच्या निवडणुकीबद्दल ऐकतोय.

आमच्या घराण्यात हा प्रश्न एकदा येऊन गेला आहे, म्हणून सांगतो. इचलकरंजीची आमची थोरली आत्या. पाच फूट आठ इंच. गॅसचा भरलेला सिलिंडर एका हाताने तिसऱ्या मजल्यावर नेते आणि वर गेल्यावर विचारते, “अजून कुणाचा हाय का?” एका लग्नात ती दोन्हीकडची निघाली. नवरी भावाची मुलगी, नवरा दिराचा मुलगा. मुलीकडचे म्हणाले, आत्याला कोठीवर बसवा. किल्ली तिच्या कमरेला असली की एक काजू हलायचा नाही. मुलाकडचे म्हणाले, छे, तिला दाराशी उभी करा. भारदस्त बाई आहे, पाहुण्यांना दिसू दे. दोन दिवस खल झाला. आत्या दोन्हीकडे मान डोलावत होती. शेवटी दाराशीवाले जिंकले, पण किल्ली तिच्याच कमरेला राहिली. ऐन मुहूर्ताच्या वेळी आचाऱ्याला तूप हवं होतं, कोठीला कुलूप होतं, आणि किल्ली सनईच्या आवाजात दाराशी गुलाबपाणी शिंपडत होती. जिलबी थांबली. इकडे तिला पाहून मुंबईचे दोन पाहुणे, हॉल चुकला असं समजून, पायऱ्या उतरून गेले. संध्याकाळी दोन्ही पक्षांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की चूक आत्याची.

आत्याचं खरं कसब मंडपवाल्याशी आणि आचाऱ्याशी भाव ठरवण्यात. पण ते काम आधीच माझ्या काकांनी करून टाकलं होतं. चढ्या भावाने.

ही आत्या सप्टेंबर २०१५मध्ये बाथला आमच्याकडे होती. त्या साली गणेश चतुर्थी आली १७ सप्टेंबरला आणि रग्बीचा विश्वचषक इंग्लंडमध्ये सुरू झाला १८ला. त्याआधी ऑगस्टात बर्जेसने इंग्लंडकडून पदार्पण केलं होतं, फ्रान्सविरुद्ध, बारा नंबरला, आणि पहिल्याच सामन्यात पिवळं कार्ड घेऊन दहा मिनिटं बाहेर बसून आला होता. तरी एकतीस जणांच्या संघात तो होता आणि वर्षभर त्या जागेवर घाम गाळलेला लूथर बरेल नव्हता. आजोबा सहावाले. त्यांनी आठवडाभर कुंड्यांना पाणी घातलं नाही.

फिजीविरुद्ध बर्जेस बाकावरून आला, इंग्लंड ३५-११ने जिंकलं, आमची आरतीही वेळेवर झाली. मग २६ तारखेचा शनिवार. अनंत चतुर्दशीची आदली रात्र, ट्विकेनमला इंग्लंड विरुद्ध वेल्स, आठ वाजता. बर्जेस सुरुवातीपासून, बाराला. समोर डॉक्टर रॉबर्ट्स. आम्ही आरती साडेसातला उरकली. घालीन लोटांगण एवढ्या वेगात मी आयुष्यात म्हटलं नव्हतं. आजोबा उकडीचे मोदक खायला आणि मॅच पाहायला अशा दुहेरी हेतूने आले. मोदक सुरीने मधोमध कापून, आतलं सारण आधी चमच्याने खाऊन, मग रिकामी पारी बशीच्या कडेला ठेवून देत होते. आत्या ते पाहत होती आणि स्वतःला आवरत होती.

सामना चांगला चालला होता. मध्यंतराला इंग्लंड १६-९. बर्जेस आणि रॉबर्ट्स एकमेकांवर आदळत होते आणि आमच्या टीव्हीवरचा धूपदाणीचा धूर हलत होता, निदान मला तसं वाटत होतं. आत्याने जरा वेळ पाहून विचारलं, “पिंट्या, त्यो थोराड हाय तो कुणाचा?”

“आपला. म्हणजे यांचा.”

“चांगला हाय की. पर त्याला सांगतंय कोण? धा जणं हात करायलेत त्याला.”

मी हे आजोबांना इंग्रजीत सांगितलं. आजोबांनी बशी खाली ठेवून आत्याशी हस्तांदोलन केलं.

आणि मग या सगळ्या जागेच्या शास्त्राचं जे झालं ते कुठल्या लेखकाला सुचणार नाही. दुसऱ्या डावात वेल्सचे बॅक एकामागून एक जायबंदी होऊन बाहेर जाऊ लागले. स्ट्रेचर, पट्ट्या, लंगडणारी माणसं. शेवटी त्यांना विंगवर उभा करायला विंगर उरला नाही, म्हणून लॉइड विल्यम्स या स्क्रम-हाफला कडेला धाडलं. स्क्रम-हाफ म्हणजे नऊ नंबर, लहान चणीचा, ढिगाऱ्यातून चेंडू उचलून देणारा. कडेला त्याचं काही काम नाही. सत्तराव्या मिनिटाच्या सुमारास लँकेस्टरनी बर्जेसला परत बोलावलं आणि जॉर्ज फोर्डला आत सोडलं. इंग्लंड अजून पुढे होतं. थोड्याच वेळात चेंडू वेल्सच्या त्या नकली विंगरकडे आला. त्याने कडेने पळत जाऊन डाव्या पायाने चेंडू आत फटकावला, आणि तिकडून धावत आलेल्या गॅरेथ डेव्हिसने तो उचलून ट्राय केला. डेव्हिसही स्क्रम-हाफ. म्हणजे एका वेळी मैदानात दोन नऊ नंबर, त्यातला एक कुठल्याच पुस्तकात नसलेल्या जागी, आणि त्यांनी ट्विकेनम बंद पाडलं. डॅन बिगरने बरोबरी केली, मग जवळजवळ मैदानाच्या मध्यातून पेनल्टी मारली. वेल्स २८, इंग्लंड २५.

वर्षभर तज्ज्ञ ज्यावर वाद घालत होते ती जागा आधीच रिकामी झाली होती, आणि सामना जिंकून दिला तो नाइलाजाने उभ्या केलेल्या माणसाने. आजोबा उठले, गणपतीपुढे उभे राहिले आणि त्यांनी विचारलं, याची सोंड डावीकडे आहे याला काही अर्थ असतो का? मी म्हटलं, असतो. “मग पुढच्या वर्षी उजवीकडची आणा,” असं म्हणून घरी गेले.

रविवारी आम्ही बागेत टब मांडून आमच्या शाडूच्या गणपतीचं विसर्जन केलं. इंग्लंडची उत्तरपूजा आदल्या रात्रीच झाली होती. विसर्जन ३ ऑक्टोबरला ऑस्ट्रेलियाने केलं, ३३-१३. स्वतःच्या घरी भरवलेल्या विश्वचषकातून यजमान पहिल्याच फेरीत बाहेर.

मग सुरू झाली चौकशी. आणि चौकशीत सगळ्यात मोठा दिसणारा माणूस आधी सापडतो, हा निसर्गनियम आहे. विश्वचषकात बर्जेस सुरुवातीपासून खेळला तो एकच सामना, वेल्सविरुद्धचा. त्यात शेवटच्या क्षणी पेनल्टीवर तीन गुण घेऊन बरोबरी करायची सोडून चेंडू बाहेर मारायचा निर्णय त्याचा नव्हता. तो मैदानातही नव्हता. पण पेपरांत सहावाले आणि बारावाले दोघांनी मिळून त्यालाच धरलं. सहावाले म्हणत, आम्ही सांगत होतो. बारावाले म्हणत, त्याला तुम्ही सहाला खेळवून बिघडवलंत. आमचे साहेब एका रात्रीत सहावाले झाले. माझं अप्रेझल होऊन गेलं होतं, त्यामुळे मी मोकळेपणाने गप्प बसलो.

माझं मत कुणी विचारत नाही, पण लेख माझा आहे. बारा ही त्याची जागा नव्हती. ती जागा लहानपणापासून अंगात मुरावी लागते, नजर तयार व्हावी लागते, आणि ती नजर दहा महिन्यांत येत नाही. सहा नंबरला तो दोन वर्षांत जबरदस्त झाला असता, आजोबांशी मी याबाबत सहमत आहे. पण ती दोन वर्षं द्यायची कुणी? लोमूलासुद्धा पहिल्या दोन कसोट्यांत कुठं उभं राहायचं हे कळलं नव्हतं. फरक एवढाच, की त्याच्या चुकांनंतर वर्षभराचा अवधी होता, आणि याच्या चुकांनंतर पुढचा शनिवार.

इंग्लंडला हत्ती ठेवायची योग्य जागा एकदाच सापडली आहे, आणि तीही आपल्या पैशाने. कलकत्त्यात गोऱ्यांचा एक रग्बी क्लब होता. सभासद रोडावले आणि १८७८मध्ये तो बंद करायची वेळ आली. खात्यात २७० रुपये शिल्लक होते. ते चांदीचे रुपये काढून, वितळवून त्यांनी चषक घडवला आणि इंग्लंडला पाठवला. तोच कलकत्ता कप. इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून त्यासाठी भांडतात. कान म्हणून तीन नाग, आणि वर, झाकणावर, हत्ती. तिथं तो कुणाच्या आड येत नाही. पण तिथंही त्याला सुखाने राहू दिलं नाही. १९८८मध्ये सामन्यानंतरच्या रात्री इंग्लंडचा डीन रिचर्ड्स आणि स्कॉटलंडचा जॉन जेफ्री यांनी हा चषक एडिंबराच्या रस्त्यावर लाथांनी उडवत नेला आणि पार चेपवून टाकला. दोघंही फॉरवर्ड. एक तर नोकरीने पोलीस. आजोबा हा किस्सा सांगताना अजूनही खुशीत येतात. आपला तेवढा एकच काय तो संबंध रग्बीशी, असं मी म्हटलं, तर ते म्हणाले, “चांदी चांगली होती तुमची. नाहीतर तेव्हाच तुटला असता.”

५ नोव्हेंबरला बातमी आली, बर्जेस बाथ सोडून परत सिडनीला चालला. त्या रात्री गावभर फटाके वाजले. त्याच्यासाठी नव्हे. ती गाय फॉक्सची रात्र, दर वर्षीच वाजतात. पण सहावाल्यांना वाटलं बारावाले वाजवतायत आणि बारावाल्यांना वाटलं सहावाले. लँकेस्टर महिन्याच्या आत गेले. फॅरेल आयर्लंडला गेले आणि तिथं त्यांनी असं बस्तान बसवलं, की २०२३ला ग्रँड स्लॅम, २०२५ला ब्रिटिश अँड आयरिश लायन्सचे मुख्य प्रशिक्षक म्हणून ऑस्ट्रेलियात मालिकाविजय. मधल्या काळात त्यांनी आपल्या मदतीला आयर्लंडला कुणाला बोलावलं असेल? माइक कॅटला. खेळाडूंना जागा सापडत नाहीत, प्रशिक्षकांना मात्र त्या आपोआप सापडतात.

बर्जेस सिडनीत आपल्या जुन्या खेळात परत रुळला, पुढे खांद्याने दगा दिला तेव्हा २०१९मध्ये थांबला. २०२४पासून तो इंग्लंडमध्ये वॉरिंग्टनच्या लीग संघाचा मुख्य प्रशिक्षक आहे. पहिल्या दोन्ही वर्षी त्याने संघाला चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेलं, दोन्ही वेळा हरला, पण नेलं.

आत्याचा परवा फोन आला होता. दिवाळीच्या फराळाचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, “त्या थोराड पोराचं काय झालं रं पुढं?”

“मास्तर झालाय आत्या. आता तोच ठरवतो कुणी कुठं उभं राहायचं.”

“आन् त्याचं तो कुठं उभा राहतोय?”

“तो खुर्चीवर बसतो. वर, काचेच्या आत.”

आत्या जरा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “पगार देत्यात का वेळेवर?”